मोरपंखी, अबोली आणि जावईबापू

भुजंगने अंबडला सासरच्या दारात चपला काढल्या आणि पाय धुवायला तांब्या उचलला, तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

"जावईबापू, पाय मंग धुवा! आधी इकडं या. कोणता?"

आवाज सासऱ्यांचा होता. अण्णासाहेब बसस्थानकावर कंट्रोलर होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी घरातल्या घरात ते अजून गाड्या सोडल्यासारखेच बोलत. भुजंग तांब्या तसाच हातात धरून आत गेला. पुढची खोली रिकामी होती. सोफा, कपाट, टीव्ही सगळं अंगणात चादरीखाली जाऊन बसलं होतं. समोरच्या भिंतीवर दोन मोठाले पट्टे ओढले होते, डावीकडे मोरपंखी आणि उजवीकडे अबोली. मोरपंखी पट्ट्याखाली अण्णासाहेब खुर्ची टाकून बसले होते. अबोलीखाली सासूबाई, मालनबाई, पदर खोचून उभ्या होत्या. आणि दोघांच्या मधोमध रंगारी मिथुन स्टुलावर बसून चहा पीत होता.

"कोणता म्हणजे?" भुजंगने विचारलं.

"रंग! ह्या दोन्हीतला कोणता? तुम्ही म्हणसाल तो. आमचं काही म्हणणं न्हाई."

"तृप्ती," मालनबाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "तुझ्या अण्णाला म्हणावं, माणसाला टेकू तर द्या! दमून आलेल्या माणसाला रंग बराबर दिसत नसतो."

"तुझ्या आईला म्हणावं, दमलेल्या माणसालाच खरा रंग दिसतो," अण्णासाहेबांनीही स्वयंपाकघराकडेच उत्तर धाडलं.

 स्वयंपाकघरातून फक्त एक पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज भुजंगने ओळखला. ती त्याची बायको होती.

या भांडणाची हकिगत अशी, की लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. धोंड्याच्या महिन्यात जावई घरी येणार म्हणजे साक्षात नारायणच येणार, तेव्हा नारायणासाठी पुढची खोली रंगवून घ्यायची असं ठरलं. तोपर्यंत सगळं ठीक होतं. पण अण्णासाहेबांनी कोर्टाजवळच्या एका वकिलाच्या ऑफिसात मोरपंखी भिंत पाहिली होती आणि तेव्हापासून जगातल्या बाकी सगळ्या भिंती त्यांना चुकलेल्या वाटत होत्या. मालनबाईंनी जालन्याला, मस्तगडला, बहिणीकडे अबोली खोली पाहिली होती. मोरपंखी लावला तर दिवसा दिवा लावावा लागेल, ही बैठक आहे का धान्याची कोठी, असं त्यांचं म्हणणं. अबोली लावला तर पाहुण्याला बालवाडीत आल्यासारखं वाटेल, असं अण्णासाहेबांचं म्हणणं. हळूहळू म्हणणं संपलं आणि अबोला सुरू झाला. मिथुन रोज सकाळी येई, "ठरलं का?" म्हणून विचारी, चहा घेई आणि स्टूल होतं तिथेच ठेवून घरी जाई.

शेवटी नवराबायकोचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा शब्द मोडत नाहीत. जावई म्हणतील तो रंग. आणि दोघांनाही मनातून पक्की खात्री होती, की जावई आपलाच रंग म्हणणार. कारण लग्न झाल्यापासून आजपर्यंत भुजंगने दोघांच्याही कुठल्याच बोलण्याला कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

इथेच तर सगळी मेख होती. भुजंगचं केदारखेड्याला बी-बियाण्यांचं दुकान होतं, आणि दुकानात त्याला ती सवयच लागली होती. एखादा शेतकरी म्हणाला, यंदा कापसात काही राम नाही, की भुजंग म्हणे, "बराबर हाये." त्याच्या मागचा म्हणाला, कापसासारखं पीक नाही, की भुजंग म्हणे, "बिलकुल." दुकान चांगलं चाललं. पण हीच विद्या त्याने घरात वापरली, तिथे घोटाळा झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर घरात कूलर आला. भुजंगची आई सोनूबाई म्हणाली, बैठकीत ठेव. तृप्ती म्हणाली, आपल्या खोलीच्या खिडकीला बसवा. भुजंग दोघींनाही "बराबर" म्हणाला. मग तो कूलर बैठक आणि खोली यांच्या मधल्या बोळकांडीत उभा राहिला आणि सगळा उन्हाळा त्याने तिथल्या चपलांना गार वारा घातला.

तृप्तीने बरंच सोसलं. धोंड्याला म्हणून माहेरी निघताना मात्र तिने बॅग उचलली आणि दारातच त्याला सांगून टाकलं, "मी आता जाऊन राह्यले. तुम्ही यायचं तवा या. पण तुमच्यासंग परत कधी येईन सांगू? तुमच्या तोंडातून एक, फक्त एक गोष्ट ऐकू दे, जी तुमची सोताची हाये. आईची न्हाई, माझी न्हाई, गिऱ्हाईकाची न्हाई. तवा येईन."

"बराबर हाये तुझं," भुजंग म्हणाला होता.

त्यावर ती जी गेली, तिने एक फोनसुद्धा केला नाही. भुजंगला ते घर खायला उठलं. तृप्ती नुसती पोळ्या लाटत लाटत बडबड करायची, ती बडबड नाही म्हटल्यावर घरात घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि बायकोला घेऊनच परत यायचं ठरवून तो अंबडला आला. आणि आल्याआल्या त्याच्यापुढे हे दोन पट्टे उभे राहिले.

"मी जरा उजेडात बघतो," तो म्हणाला. बाहेर टळटळीत दुपार होती. पण जावई म्हणतात म्हणजे उजेड कमी असेल, असं धरून सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाय धुवून तो थेट स्वयंपाकघरात गेला. तृप्ती अनारसे तळत होती. तिने मान वर केली नाही.

"कशी हायेस?"

"दिसून राह्यले ना."

"तृप्ते, तुला कोणता रंग आवडतो गं? तेवढं सांग. मी तोच म्हणतो बघ."

तृप्तीने झारा कढईच्या काठावर ठेवला. मग ती वळली आणि तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की भुजंगला आपण काहीतरी फार मोठं चुकीचं बोललो एवढं कळलं, पण नेमकं काय ते कळलं नाही.

"मी न्हाई सांगणार," ती म्हणाली. "मला तुमचा ऐकायचाय. म्हणून तर मी इतके दिवस गप हाये. आईनं विचारलं, अण्णानं विचारलं, म्हणलं मला काही कळत न्हाई रंगातलं. तुम्ही सांगा. सोताचा."

 भुजंग पुन्हा बाहेर येऊन त्या दोन पट्ट्यांकडे पाहत उभा राहिला. स्वतःला काय आवडतं ते तो मनापासून शोधू लागला. मोरपंखीकडे पाहिलं की अण्णासाहेब दिसत. अबोलीकडे पाहिलं की मालनबाई दिसत. दोन्हींच्या मध्ये पाहिलं की मिथुन दिसे, आणि मिथुन म्हणे, "दोन्हीबी एक नंबर हायेत, भाऊ."

जेवताना अण्णासाहेब हात धुवायला उठले, तेवढ्या वेळात मालनबाईंनी जावयाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि आवाज उतरवला.

"जावईबापू, मी काही सांगत न्हाई. तुम्ही शिकलेले माणसं. पण अबोलीमधी माणूस कसा हसरा दिसतो, न्हाई?"

"बराबर हाये, आत्याबाई."

भुजंगला फक्त माणूस हसरा दिसतो एवढंच कबूल होतं. पण मालनबाईंनी पोळीवर तुपाची अख्खी वाटी रिकामी केली, आणि तूप पडल्यावर मागे फिरायची सोय राहत नाही.

संध्याकाळी अण्णासाहेब त्याला बसस्थानकाच्या बाजूला फिरायला घेऊन गेले. वाटेत त्यांनी दोन गाड्यांच्या ड्रायव्हरांना उगीचच उशीर का झाला म्हणून विचारलं, जावयाला पान खाऊ घातलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, बायकांपुढं मी बोललो न्हाई. पण मोरपंखीमधी वजन हाये. खोलीत पाय टाकला की समोरच्याला कळतं, हे घर साधं न्हाई. काय?"

"बिलकुल, मामा."

"मला माहीतच होतं!" अण्णासाहेबांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की भुजंगच्या तोंडातलं पान अर्धं गिळलं गेलं.

रात्री त्याला बरं वाटत होतं. दोन्ही म्हातारी माणसं खूश होती. आता फक्त तृप्ती खूश व्हायची राहिली होती, आणि तिच्यासाठी उद्या काहीतरी सुचेल, असा विचार करत तो अंगणात चादर बाजूला सारून सोफ्यावरच झोपी गेला. आपण दिवसभरात काय पेरलंय याची त्या भल्या माणसाला कल्पनाही नव्हती.

ते सकाळी उगवलं. दारात रिक्षा थांबली. रिक्षात माणूस नव्हता. मागच्या सीटवर रंगाच्या दोन भल्यामोठ्या बादल्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, नवरानवरीसारख्या.

झालं होतं ते एवढंच. मालनबाईंनी जेवणं झाल्यावर परसात जाऊन रंगाच्या दुकानात फोन केला होता, की जावयांनी अबोली पसंत केला, सकाळी पाठवा. अण्णासाहेबांनी पान खाऊन झाल्यावर त्याच दुकानात फोन केला होता, की जावयांनी मोरपंखी पसंत केला, सकाळी पाठवा. दुकानदाराला वाटलं, मोठं काम आहे. त्याने दोन्ही रंग मशीनवर तयार केले आणि खेप वाचवायला एकाच रिक्षात घालून पाठवून दिले.

"ही अबोली कोणाची?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"ती मोरपंखी कोणाची?" मालनबाईंनी विचारलं.

कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांशी थेट बोलत होते, पण ते लक्षात यायच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं.

"एक बादली घेऊन जा परत," अण्णासाहेबांनी रिक्षावाल्याला फर्मावलं.

"मशीनवर कालवलेला रंग दुकानदार परत घेत न्हाई, साहेब. झाकणावरच लिवलंय," रिक्षावाला म्हणाला आणि बादल्या उंबऱ्याशी उतरवून निघून गेला.

मग सगळे भुजंगकडे वळले. अण्णासाहेब, मालनबाई आणि स्टुलावरून मिथुनसुद्धा. तृप्ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट उत्सुकता होती, आणि भुजंगला रागापेक्षा तिचीच जास्त भीती वाटली.

"जावईबापू," अण्णासाहेब म्हणाले, "तुमच्याच तोंडानं सांगा. काल पानाच्या टपरीवर तुम्ही काय म्हणले?"

"आणि जेवताना काय म्हणले?" मालनबाई म्हणाल्या.

भुजंगच्या कपाळावर घाम आला. एकाला हो म्हणावं तर दुसऱ्याचं मन मोडतं. अण्णासाहेबांनी त्याला मुलासारखं जपलं होतं. मालनबाईंनी काल तूप वाढताना हात आखडला नव्हता. एवढ्या प्रेमाच्या माणसांपैकी कोणाला नाही म्हणायचं? आणि मग त्याला सुचलं. अशी सुचणारी माणसंच जगात जास्त नुकसान करतात.

"मी दोन्हीबी म्हणलो," तो म्हणाला. "खरंच म्हणलो. म्हणजे दोन्ही एकत्र. मिसळून."

मालनबाई दोन्ही बादल्यांकडे आळीपाळीने बघू लागल्या.

"मिसळून?" मालनबाई म्हणाल्या.

"हो. म्हणजे त्याच्यात मोरपंखीबी राहील आणि अबोलीबी राहील. दोघांचंबी."

तृप्तीने डोळे मिटून घेतले. अण्णासाहेबांनी मालनबाईंकडे पाहिलं, मालनबाईंनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच विचार आला असावा. पण धोंड्याचा महिना होता आणि जावयाचा शब्द पडला होता.

"चांगलं हाये," अण्णासाहेब जड आवाजात म्हणाले. "काय रे मिथुन, होतं का असं?"

"व्हायला काय, काहीबी होतं," मिथुन स्टुलावरून उतरत म्हणाला. "मी सल्ला देत नसतो. एकदा दिल्ता, तवापासून ते गिऱ्हाईक माझ्याशी बोलत न्हाई."

त्याने अंगणात एक मोठा पिंप आणला आणि दोन्ही बादल्या त्यात रिकाम्या केल्या. पहिला काठीचा फेरा फिरला तेव्हा निळसर हिरवा आणि नारिंगी गुलाबी एकमेकांभोवती असे काही सुंदर वळले, की मालनबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि अण्णासाहेबांनी "वा!" म्हटलं. भुजंगचा जीव भांड्यात पडला. तिथेच मिथुन थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो कामाचा माणूस होता. त्याने ढवळलं, आणखी ढवळलं, आणि बघता बघता ती सगळी शोभा बुडाली आणि वर आला तो ओल्या गोणपाटाचा रंग.

मिथुनने काठी बाहेर काढली, तिच्यावरून ठिबकणाऱ्या रंगाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लावू?"

सगळ्यांनी भुजंगकडे पाहिलं.

"लाव," भुजंग म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

दुपारपर्यंत दोन भिंती झाल्या, संध्याकाळपर्यंत चारही. प्रत्येक भिंत संपली की अण्णासाहेब मागे हात बांधून समोर उभे राहत आणि म्हणत, "न्हाई, काहीतरी हाये ह्याच्यात." मालनबाई म्हणत, "डाग पडले तरी दिसणार न्हाईत." जावयाला वाईट वाटू नये म्हणून दोघंही कामाला लागले होते. शेजारच्या बेबीनंदाबाई डोकावल्या आणि "हे अस्तर हाये का? रंग कधी लावणार?" असं विचारू लागल्या, तेव्हा मालनबाईंनी त्यांना अनारसे देऊन लवकर वाटेला लावलं. भुजंग प्रत्येक वेळी "बराबर" म्हणत होता, आणि दर वेळी तो शब्द त्याच्या घशात जरा जास्त अडकत होता. तृप्ती आतबाहेर करत होती. भिंतीकडे ती पाहत नव्हती. नवऱ्याकडे पाहत होती.

तिसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण होतं. रंग वाळला होता आणि वाळून आणखी उदास झाला होता. त्याच खोलीत पाट मांडला, रांगोळी काढली. भुजंग नवा टॉवेल-टोपी घालून पाटावर बसला. शेजारी तृप्ती. चारही बाजूंनी गोणपाट. पुरणाचे धोंडे वाढले, तूप सोडलं. मालनबाईंनी दोघांना ओवाळलं. मग तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे आणि दिवा ठेवून ते वाण जावयाच्या हाती दिलं. सगळं कसं यथासांग झालं. भुजंगने नमस्कार करायला मान वाकवली.

"थांबा," अण्णासाहेब म्हणाले. "अजून एक वाण हाये."

मिथुन आतून एक बादली घेऊन आला. बादली काठोकाठ भरलेली होती. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, वर एक सुपारी ठेवली होती.

"दोन बादल्या एकत्र झाल्या, तर रंग लई उरला," अण्णासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "म्हणलं, जावयानं सोता निवडलेला रंग, तो त्यांच्याच घराला लागला पाहिजे. केदारखेड्याला तुमच्या दोघांच्या खोलीला लावा. मिथुन येईल संग. मी बोललोय त्याच्याशी."

"चारी भिंतींना पुरतो," मिथुन म्हणाला. "वर छताला बी."

भुजंगने बादलीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे त्याची स्वतःची खोली उभी राहिली. पहाटे डोळे उघडल्यावर समोर हा रंग. रात्री दिवा मालवताना हा रंग. तृप्ती पलंगावर बसून केस विंचरते आहे आणि तिच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि छतावर हाच रंग.  "बराबर" हा शब्द नेहमीप्रमाणे जिभेच्या टोकावर आला. तिथे तो क्षणभर थांबला, आणि मग त्याच्या जागी दुसरंच काहीतरी बाहेर पडलं.

"न्हाई."

"काय न्हाई?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मला न्हाई पाहिजे हा रंग. वाईट हाये हा. लई वाईट. कालपासून मी ह्याच्याकडं बघून राह्यलो, मला जेवण जाईना. मामा, ह्याला रंग म्हणत न्हाईत. असा रंग कोणी गोठ्यालासुद्धा देत न्हाई, जनावराला काय वाटंल!"

मिथुनने बादली खाली ठेवली. मालनबाईंच्या हातातली तुपाची वाटी वाकडी झाली.

"पण जावईबापू, तुम्हीच तर म्हणले," त्या म्हणाल्या.

"चुकलो. दोघांना खूश करायला म्हणलो. आणि खरं सांगू का? मोरपंखीबी मला आवडला न्हवता मामा, पाण्याच्या टाकीत बसल्यासारखं वाटतं. आणि आत्याबाई, अबोली तर औषधाचा रंग हाये, लहान लेकरांच्या." भुजंगला आता थांबता येईना. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं एकदम दाराशी आलं होतं. "आणि अनारसा मला आवडत न्हाई. कधीच आवडला न्हाई."

त्याने हातातलं वाण खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आता सासरा उठणार, सासू रडणार, आणि तृप्तीची बॅग कायमची इथेच राहणार, हे त्याला दिसत होतं. पण काय आश्चर्य, त्याला हलकं वाटत होतं.

अण्णासाहेब उठले. भिंतीजवळ गेले. तिच्यावरून त्यांनी हात फिरवला.

"मला तर आवडला बाबा," ते म्हणाले. "उगंच म्हणत न्हाई. पहिल्या दिवशी वाईट वाटलं होतं. पण आता बघा, ह्या कोपऱ्यातून पाहिलं की मोरपंखी वर येतो. वजन हाये."

"मोरपंखी कुठला?" मालनबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "ऊन पडू द्या, सगळी अबोलीच दिसती. अहो, इथं या. इथून बघा."

"हो की गं. इथून अबोली हाये."

"मंग मी काय म्हणून राह्यले!"

दोघं खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात, एकमेकांना हाताला धरून रंग दाखवत फिरू लागले. महिनाभराचं न बोललेलं सगळं त्या भिंतीवरून वाहायला लागलं. जावयाच्या बोलण्याचा राग धरायला त्यांना सवडच नव्हती.

"मलाबी आवडला," तृप्ती शांतपणे म्हणाली.

भुजंग चमकून तिच्याकडे वळला. आजवर ज्या एका माणसासाठी बोलायचं होतं, तेच माणूस पलीकडे जाऊन उभं राहिलं होतं. खोलीत तो एकटा पडला होता.

"खरंच?" त्याने विचारलं.

"खरंच. आपल्या खोलीला चांगला दिसंल. मंग काय, घ्यायची का बादली?"

तिचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते. किती सोपं होतं! एक शब्द म्हटला की बायको घरी येणार होती, सासूसासरे खूश होते, मिथुनला काम होतं. फक्त चार भिंतींचा प्रश्न होता, आणि भिंतीकडे पाठ करूनही झोपता येतं. भुजंगने डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला.

"न्हाई," तो म्हणाला. "तुला आवडला असंल तर आवडू दे. मला न्हाई आवडला. आपल्या खोलीला हा लागणार न्हाई. तू ये, न्हाईतर नको येऊ."

तृप्ती पाटावरून उठली आणि आत निघून गेली. संपलं, भुजंगला वाटलं. त्याने समोरचा धोंडा उचलला आणि उगीच खाऊ लागला, कारण तो निदान आवडत होता. धोंडा संपायच्या आत तृप्ती परत आली. तिच्या हातात बॅग होती, आणि बॅगेची चेन भराभर भरल्यामुळे अर्धी उघडीच होती.

"चला," ती म्हणाली. "जालन्याची गाडी लागली असंल."

"आजच?" मालनबाई दचकल्या.

"आजच. जल्दी. ह्यांचं पुन्हा बदलायच्या आत."

अण्णासाहेब बसस्थानकापर्यंत पोचवायला आले आणि गाडी वेळेवर सोडण्याबद्दल ड्रायव्हरला तंबी देऊन गेले. बादली काही आली नाही. ती मालनबाईंनी स्वयंपाकघराला लावायची ठरवली होती, आणि कोणत्या भिंतीपासून सुरुवात करायची यावर अण्णासाहेबांचं वेगळं मत होतं, असं निघताना कानावर आलं.

दोघं गाडीत बसले, गाडी सुटायला अजून वेळ होता. मग तृप्ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "एक सांगू? मलाबी न्हाई आवडला तो. बघवत न्हाई."

"आं? मंग तिथं काहून म्हणलीस?"

"म्हणलं, एकटे पडल्यावर टिकता का न्हाई, ते बघावं." ती त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "टिकले हो तुम्ही. असंच बोलत जा. मनात असंल ते बोलत जा."

भुजंगने मान हलवली. थोडा विचार केला. मग घसा खाकरला.

"तृप्ते, उठ जरा. खिडकीजवळ मला बसू दे."

"अहो, मला गाडी लागती! माहीत न्हाई का तुम्हाला?"

"माहीत हाये. मलाबी लागती."

"तुम्हाला? कधीपासून?"

"लहानपणापासून. लग्नाची वरात घेऊन आल्तो, तवाबी लागली होती. परत जाताना तू खिडकी मागितली, मी म्हणलं बराबर हाये, आणि तवापासून दर खेपेला श्वास धरून बसतो."

तृप्ती त्याच्याकडे बघत राहिली. दीड वर्षातले सगळे प्रवास तिने एकेक करून आठवले असावेत, कारण तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम मऊ झाला.

"बरं," ती म्हणाली. "जालन्यापर्यंत मी बसते. तिथून पुढं केदारखेड्यापर्यंत तुम्ही बसा."

"न्हाई," भुजंग म्हणाला. "जालन्यापर्यंत मी. तिथून पुढं तू."

तृप्तीने कपाळाला हात लावला, पर्समधलं लिंबू बाहेर काढलं आणि गाडी हलायच्या आत त्याला जागा द्यायला उठून उभी राहिली.